पाणी मारून झालं, ग्रीसचं काय?

"गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय" हे वाक्य आपण इतक्या समाधानाने म्हणतो की जणू तिला महाबळेश्वरला हवापालटाला पाठवलंय. संध्याकाळी गाडी परत येते ती चकाचक. टाकीवर पॉलिश, टायरला काळं काहीतरी चोपडलेलं, चेन ओली झालेली. बिलात इंजिन ऑइल, वॉशिंग, पॉलिशिंग, कन्झ्युमेबल्स (हे नक्की काय असतं हे आजवर मला कोणी सांगितलेलं नाही) आणि लेबर. आता त्याच बिलात 'ग्रीस' हा शब्द शोधा. सापडला तर तुमचा सर्व्हिसवाला सोडू नका, त्याच्या मुलाच्या मुंजीला जा.

माझं म्हणणं सरळ आहे. सर्व्हिसिंगमधला जो सगळ्यात दिसणारा भाग, म्हणजे तो पाण्याचा फवारा, तोच गाडीच्या बेअरिंग आणि बुशांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. आपण आधी पैसे देऊन बेअरिंग मारून घेतो आणि मग पैसे देऊन नवीन टाकून घेतो. हे थांबवायला काय लागतं? एक रविवार, चार पाने, ग्रीसचा एक डबा आणि हात काळे करायची तयारी. पहिल्या तिन्ही गोष्टी बाजारात मिळतात.

हा विषय मला एवढा का लागलाय ते सांगतो. मी काल्हेरला राहतो. इथे रेल्वे स्टेशन नाही, त्यामुळे ठाण्याला, वागळे इस्टेटला, ऐरोलीला जाणारी आमच्यासारखी पोरं बाइकवरच जगतात. रस्ता म्हणजे जुना आग्रा रोड. दोन्ही बाजूंना गोदामं, त्यांच्यात शिरणारे-निघणारे कंटेनर, मध्ये मेट्रो ५ चे खांब, आणि कशेळीला खाडीवरचा पूल. आठ महिने सिमेंटची आणि मातीची धूळ, चार महिने गुडघाभर खड्डे आणि त्यात साचलेलं पाणी. बेअरिंगची चाचणी घ्यायला कोणा कंपनीने प्रयोगशाळा बांधायचं ठरवलं तर त्यांनी खर्च करू नये, काल्हेर नाक्यावर यावं. आणि या रस्त्यावर हँडल मधोमध अडकणारी किंवा मागचं चाक डुलणारी गाडी चालवणं म्हणजे काय, हे चाळीस फुटी ट्रेलर शेजारून जाताना कळतं. पुण्यातल्या कोथरूडवाल्यांनाही कळेल, फक्त त्यांना जरा उशिरा कळेल.

आता थोडं गणित. घाबरू नका, बारावीच्या पुढचं नाही.

मेकॅनिकल झालेल्यांना भांडारींचं 'डिझाइन ऑफ मशीन एलिमेंट्स' आठवत असेल. (महाराष्ट्रात मेकॅनिकल करून ते पुस्तक न बघितलेला माणूस मला अजून भेटायचाय.) त्यात बॉल बेअरिंगच्या आयुष्याचं सूत्र आहे: बेअरिंगची क्षमता भागिले प्रत्यक्ष भार, त्याचा घन, इतके दशलक्ष फेरे. शंभर बेअरिंग्जपैकी नव्वद तरी तेवढे टिकतात. बाइकच्या चाकात सर्रास सापडणारं ६३०२ नंबरचं बेअरिंग घेऊ. त्याची क्षमता ११ किलोन्यूटनच्या पुढे असते, आपण ११ धरू. गाडी आणि दोन माणसं मिळून मागच्या चाकावर येणारं वजन दोन बेअरिंग्जवर वाटलं तर एकेकावर साधारण १ किलोन्यूटन. ११ चा घन १३३१. म्हणजे १३३ कोटी फेरे. चाकाचा घेर १.९ मीटर धरला तर २५ लाख किलोमीटर झाले.

पंचवीस लाख! तुम्ही म्हणाल, पुस्तकात खड्डे नसतात. बरोबर. आपण भार तिप्पट धरू, काल्हेरच्या सन्मानार्थ. तिप्पट भार म्हणजे आयुष्य सत्तावीसपट कमी. तरी ९३ हजार किलोमीटर येतात. म्हणजे बहुतेक लोक गाडी विकतात त्याच्याही पुढे. मग वीस-पंचवीस हजारांत "सर, व्हील बेअरिंग गेलंय" हे वाक्य का ऐकू येतं?

कारण ते बेअरिंग झिजून मेलेलं नसतं. ते गंजून आणि तहानेने मेलेलं असतं. बेअरिंगच्या पोलादात क्रोमियम असतं खरं, पण दीड टक्क्याच्या आसपास. स्टेनलेस म्हणवून घ्यायला किमान साडेदहा टक्के लागतं. म्हणजे आपलं बेअरिंग हे गंजणारं पोलाद आहे, आणि त्याला गंजण्यापासून वाचवणारी एकच गोष्ट आत असते, ती म्हणजे ग्रीसचा पातळ थर. भांडारींच्या पुस्तकातलं सूत्र हे धरून चालतं की ग्रीस आहे, ते स्वच्छ आहे आणि आत पाणी नाही. या तिन्ही गोष्टी वॉशिंग रॅम्पवर एका झटक्यात खोट्या ठरतात.

कशा, ते बघा. तुम्ही ठाण्याहून ब्रेक मारत मारत आलात. मागचा ड्रम गरम, हब गरम, आतली हवा गरम होऊन थोडी बाहेर गेलेली. तशीच गाडी रॅम्पवर चढवली आणि पोराने थंड पाण्याचा फवारा सुरू केला. हब झटकन गार होतो, आतली हवा आकसते, आत पोकळी तयार होते. ती पोकळी बाहेरून जे मिळेल ते ओढून घेते, आणि त्या क्षणी बाहेर साबणाचं पाणी असतं. वरून फवाऱ्याचा दाब. घरगुती प्रेशर वॉशरसुद्धा शंभर बारच्या आसपास दाब देतो. त्यासमोर बेअरिंगच्या रबरी सीलचा तो कागदासारखा ओठ काय करणार? तो पावसाचे शिंतोडे आणि धूळ अडवायला बनवलेला आहे. बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये धुण्याच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं की जोराचा फवारा चाकाच्या हबवर मारू नका. ते पान सर्व्हिस सेंटरवालेही वाचत नाहीत आणि आपणही. (आपण तर मॅन्युअल सीटखाली ठेवतो आणि तिथे पाणी गेलं की फेकून देतो.)

आत गेलेलं पाणी ग्रीसमध्ये घुसळलं जातं. असं बेअरिंग उघडून बघा कधी. तपकिरी किंवा निळं ग्रीस असायच्या जागी दूध नासल्यासारखं पांढुरकं काहीतरी असतं, आणि त्याखाली गंजाचे ठिपके. चाक फिरवलं की आधी खरखर, मग गुरगुर. तोवर वेळ गेलेली असते.

चाकाच्या बेअरिंगचं दुखणं निदान ऐकू तरी येतं. खरा मूक बळी असतो हँडलचा कोन सेट. हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: हँडल ज्या नळीत फिरतं तिच्या वर आणि खाली एकेक वाटी असते, तिच्यात छर्रे असतात आणि पुढच्या चाकाचा प्रत्येक धक्का या छर्ऱ्यांतून चॅसीला जातो. गंमत अशी की हे बेअरिंग पूर्ण फिरत कधीच नाही. सरळ रस्त्यावर तर ते जागच्या जागी थरथरत असतं. फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये छर्रे स्वतःच ग्रीस पुन्हा पुन्हा स्वतःखाली ओढून घेतात. थरथरणाऱ्यात उलटं होतं: छर्ऱ्याखालचं ग्रीस बाजूला ढकललं जातं आणि परत येत नाही. मग धातूवर धातू घासतो आणि वाटीत बरोबर मधोमध खाचा पडतात. अमेरिकेत रेल्वेने लांबवर पाठवलेल्या नव्याकोऱ्या मोटारींच्या चाकाच्या बेअरिंग्जवर असेच डाग सापडले होते. गाड्या एक किलोमीटरही चालल्या नव्हत्या, नुसत्या डब्यात उभ्या राहून थरथरल्या होत्या. याला इंग्रजीत 'फॉल्स ब्रिनेलिंग' म्हणतात, कारण ते दिसतं ब्रिनेल नावाच्या स्वीडिश माणसाच्या कठीणपणा मोजायच्या चाचणीतल्या खळग्यांसारखं.

तुमच्या गाडीत हे झालंय का ते आत्ता बघता येईल. गाडी डबल स्टँडवर घ्या, कोणाला तरी मागे बसवून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल एका बोटाने हळू डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध आलं की 'टक्' करून बसतं का? बसत असेल तर खाच पडली, तो सेट आता ग्रीसने सुधारणार नाही, बदलावाच लागेल. बसत नसेल तर फोर्कचे दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे हलवा. 'खट खट' जाणवलं तर नट सैल आहे. दोन्ही नसेल तर तुम्ही नशीबवान आहात आणि हीच ग्रीस बदलायची वेळ आहे. लोक नेमके इथेच म्हणतात, "काही त्रास नाही ना, मग कशाला उघडायचं?" हीच मंडळी ऑफिसात सर्व्हरचा पॅच एक दिवस उशिरा लागला तर तीन जणांना सीसीत ठेवून मेल करतात.

एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये (नाव घेत नाही, सगळीकडे तेच आहे) मी जॉबकार्डवर 'कोन सेट उघडून ग्रीस करणे' असं लिहायला सांगितलं. तिथला ॲडव्हायझर माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला जशी मी मागच्या सीटला एसी मागितलाय.

"सर, त्याला ग्रीस नसतं लागत. खराब झालं की नवीन टाकतो आपण."

"पण मॅन्युअलच्या शेड्यूलमध्ये लिहिलंय."

"सर, ते कंपनी लिहिते. वॉशिंग फोमचं करू की साधं?"

त्याचा दोष नाही. त्याच्याकडे दिवसाला ढीगभर गाड्या आणि प्रत्येक गाडीमागे थोडा वेळ. कोन सेट उघडायचा तर पुढचं चाक, मडगार्ड, हँडल, सगळं सोडवावं लागतं. त्यात दोन-अडीच तास जातात आणि शेवटी गिऱ्हाइकाला दिसत काहीच नाही. फोम दिसतो. पॉलिश दिसतं. ग्रीस दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याचे पैसे आपण देत नाही. म्हणजे या व्यवस्थेत तो ॲडव्हायझर जितका सामील आहे तितकेच तुम्ही-आम्हीही आहोत.

म्हणून घरी करा. आणि घरी करायचं म्हटलं की दुसऱ्या टोकाचे वीर भेटतात, त्यांच्याविषयीही बोलायला हवं. हे लोक व्हिडिओ बघून जे दिसेल ते पेट्रोलने धुतात आणि उरलेल्यावर डब्ल्यूडी-४० मारतात. अहो, त्या डब्यावरच्या नावातला 'डब्ल्यूडी' म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी हटवणारं. १९५३ साली सॅन डिएगोत बनलं ते त्याच कामासाठी. गंजलेला नट सोडवायला उत्तम. पण बेअरिंगच्या सीलवर मारलंत तर ते आत झिरपून असलेलं ग्रीस पातळ करतं आणि बाहेर काढतं. दोन दिवस आवाज बंद होतो, माणूस खूश होतो, आणि महिन्याभरात बेअरिंग कोरडं. पेट्रोलचं तर बोलूच नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, चाळीस गाड्यांच्या मधोमध, उघड्या डब्यात पेट्रोल! डिझेल वापरा. जरा हळू काम करतं, पण भडका उडायचा धोका कितीतरी कमी. धुतल्यावर कोऱ्या सुती फडक्याने पुसा आणि वाळू द्या. हवेच्या नळीने बेअरिंग भर्रकन फिरवून वाळवायचा मोह होतो (आवाज भारी येतो), तो टाळा. कोरडं बेअरिंग त्या वेगाने फिरलं की खराब होतं, आणि पिंजरा तुटला तर छर्रा डोळ्यात.

चाकाच्या बेअरिंगबाबत एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: ठोकून काढलेलं बेअरिंग परत बसवायचं नाही. हबमधून ते काढताना आपण आतल्या कड्यावर ठोकतो आणि ते मात्र बाहेरच्या कड्याने हबमध्ये घट्ट बसलेलं असतं. म्हणजे प्रत्येक घाव छर्ऱ्यांतून जातो आणि धावपट्टीवर खळगे पाडतो. हे खरे ब्रिनेल खळगे, 'फॉल्स' नव्हेत. त्यामुळे ग्रीस बदलायचं असेल तर बेअरिंग हबमध्येच राहू द्या. एक्सल काढा, ऑइल सील असेल तर अलगद काढा, बेअरिंगची रबरी चकती पातळ पात्याने आतल्या कडेने उचला, जुनं ग्रीस पुसून काढा आणि नवीन भरा. चकती वाकली नाही तर परत बसते. पत्र्याची चकती असेल तर तिच्या नादी लागू नका, ती सहसा परत धड बसत नाही. बेअरिंगची दुसरी बाजू हबच्या आत असते, तिथपर्यंत हात पोचत नाही हे खरंय, पण बाहेरच्या बाजूने घातलेलं ग्रीस छर्रे स्वतःच आत नेतात. आणि ग्रीस म्हणजे श्रीखंड नव्हे, ठासून भरायचं नसतं! मोकळ्या जागेच्या एक तृतीयांश ते निम्मं. जास्त भरलं तर ते घुसळून तापतं आणि सील ढकलून बाहेर येतं. कोन सेटला मात्र हा नियम लागू नाही. तो फिरतच नाही, तिथे हात सैल सोडा, वाट्या काठोकाठ भरा. छर्रे सुटे असतील तर उघडण्याआधी खाली परात ठेवा, वरचे आणि खालचे वेगळे मोजा आणि आकडा लिहून ठेवा. पार्किंगच्या फरशीवर छर्रा किती लांब घरंगळतो याची तुम्हाला कल्पना नाही.

कुठलं ग्रीस? साधं लिथियम, डब्यावर एनएलजीआय २ किंवा ३ लिहिलेलं. ते तांब्याच्या रंगाचं, महागडं, परदेशी ट्यूबमधलं नको. त्याची जागा वेगळी.

बुशांचं प्रकरण आणखी फसवं आहे, कारण 'बुश' या एका शब्दात तीन वेगळे प्राणी राहतात. मागचं चाक धरणारा जो चिमटा, त्याच्या मुळाशी काही गाड्यांत गनमेटलचा किंवा नायलॉनचा बुश आणि त्यात फिरणारी पोलादी नळी असते. याला ग्रीस हवं, वर्षातून एकदा, नळी काढून, पुसून. काही मोठ्या गाड्यांत सुईसारखे रोलर असलेलं बेअरिंग असतं, त्याला तर हवंच हवं. पण कित्येक गाड्यांत असतो तो रबराचा बुश, बाहेर एक पोलादी नळी, आत एक आणि मध्ये चिकटवलेलं रबर. इथे काहीही घसरत नाही, रबरच पिळवटतं आणि सुटतं. याला ग्रीस लावणं म्हणजे चष्म्याला तेल लावणं. उलट खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. याला पाहिजे फक्त स्वच्छता, आणि कसताना एक काळजी: चिमट्याचा नट शेवटचा आवळताना गाडी चाकांवर उभी हवी, नेहमीच्या उंचीवर. चिमटा लोंबकळत असताना आवळलात तर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. हे किती मेकॅनिक पाळतात? मी विचारणं सोडून दिलंय. आणि हो, स्प्रॉकेटच्या मागे हबमध्ये ते जे रबराचे तुकडे असतात त्यांनाही तेल-ग्रीस नको. ते सैल झाले की गियर टाकताना मागून 'ठक्' असा धक्का बसतो आणि लोक उगाच चेन बदलतात.

मागच्या पावसाळ्यानंतर मी पार्किंगमध्ये चिमट्याची नळी पुसत बसलो होतो तेव्हा आमच्या विंगमधले एक काका थांबले. "अरे, तू इंजिनिअर ना? मग हे काय करत बसलायस? मेकॅनिकला दे की." काका चांगले आहेत, माझ्या भल्यासाठीच बोलले. पण वाक्य नीट ऐका. इंजिनिअर आहेस, *मग* यंत्राला हात का लावतोस! आमच्या वर्गात साठ पोरं मेकॅनिकलची. व्हायव्हात बेअरिंगच्या आयुष्याचं सूत्र सगळ्यांनी घडाघडा म्हटलं आणि नोकरीला लागल्यावर निम्म्यांहून जास्त कोड लिहायला लागले (मीही त्यातलाच). त्यातल्या किती जणांनी बेअरिंग हातात धरून त्याची खरखर बोटांना जाणवून घेतली असेल? आयटीआयचा पोरगा सूत्र न म्हणता हे रोज करतो आणि आपण त्याला 'अरे' म्हणून हाक मारतो. हात काळे होणं म्हणजे पायरी उतरणं, हे आपल्या डोक्यात कुठून आलंय हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर आज नको. पण तोच आजार आपल्याला गाडी धुऊन आणायला लावतो आणि उघडायला घाबरवतो.

आणि हे सगळ्या जगात असंच असतं असं नाही. बेअरिंगच्या इतिहासातलं एक मोठं नाव आहे स्वेन विंगक्विस्ट. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत हा तरुण इंजिनिअर यंत्रांच्या देखभालीवर होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची, ती सरकायची, त्यामुळे लांबलचक शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंग्ज सारखी मरायची. त्याने "खराब झालं की नवीन टाकतो आपण" असं म्हटलं नाही. शाफ्ट थोडा तिरका झाला तरी चालेल असं, छर्ऱ्यांच्या दोन रांगांचं, स्वतःला जुळवून घेणारं बेअरिंग त्याने १९०७ साली बनवलं आणि त्याच वर्षी एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. तिचाच कारखाना आपल्या चिंचवडलाही आहे. तेव्हा तो जेमतेम तिशीचा होता. कापड गिरणीतल्या मरणाऱ्या बेअरिंग्जवरून जगातली एवढी मोठी कंपनी निघते, आणि आम्ही राहतो भिवंडीत, जिथे गल्लोगल्ली यंत्रमाग खडखडतायत! मागावरचा माणूस हातात तेलाची कॅन घेऊन बुशांना तेल देत फिरतो. नाही दिलं तर माग बसतो, माग बसला की त्या दिवसाचं कापड नाही, कापड नाही तर मजुरी नाही. त्याला देखभालीचं महत्त्व कुठल्या सेमिनारमध्ये शिकवावं लागलेलं नाही.

याच मागांमुळे आम्हाला एक फायदा मात्र आहे. बेअरिंगवर कोरलेला नंबर हा जगभर एकच असतो. ६२०२ म्हणजे भोक १५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५, जाडी ११, मग ते बाइकमधलं असो, छताच्या पंख्यातलं असो की कुठल्या मोटरमधलं. शेवटचे दोन आकडे भोकाचे: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचने गुणायचं. त्यापुढची अक्षरं सीलची: '२आरएस' म्हणजे दोन्हीकडे रबर, 'झेडझेड' म्हणजे दोन्हीकडे पत्रा. काल्हेरसारख्या ठिकाणी रबरच घ्या. हे माहीत असलं की "ओरिजिनल पार्टच घ्यावा लागेल सर" या वाक्याची भीती जाते. ज्या नावाजलेल्या कंपन्या गाडीवाल्यांना बेअरिंग पुरवतात, त्यांचंच बेअरिंग यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात नंबर सांगून मिळतं. फक्त खोक्यावरचं छापील नाव आणि अक्षरांचा सुबकपणा नीट बघा, कारण बनावट मालही याच धंद्यात भरपूर आहे. अति स्वस्त दिसलं तर उठून चालायला लागा.

मग येते वॉरंटीची भीती. "बाहेर उघडली तर वॉरंटी जाईल." भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला तो सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्याच मुठीत ठेवल्याबद्दल. त्याच आदेशात असंही म्हटलं होतं की बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. तो खटला मोटारींचा होता, बाइकचा नव्हे, त्यामुळे लगेच आदेशाची प्रिंट काढून काउंटरवर आपटू नका. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि वर्षाअखेरीस पोर्टलही काढलं, त्यात वाहनं आहेत. वारं त्या दिशेला आहे एवढं नक्की. पण वॉरंटीत असलेली नवी गाडी मी तरी उघडणार नाही. तोवर जॉबकार्डवर ग्रीसचं लिहून घ्या, उभं राहून करून घ्या आणि 'वॉशिंग नको' असंही लिहा. हे दोन शब्द लिहिल्यावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो :-)

सगळंच घरी करा असं मी म्हणत नाही. इंजिनातली बेअरिंग्ज, क्रँक, गियरबॉक्स यांना घरी हात लावणारा माणूस एकतर मेकॅनिक असतो किंवा पुढचे तीन महिने बसने फिरतो. चाकाचं नवीन बेअरिंग बसवायचं तर ते बाहेरच्या कड्यावर सरळ दाबून बसवावं लागतं आणि दोन बेअरिंग्जच्या मधली ती नळी आठवणीने टाकावी लागते. ती विसरली आणि एक्सल आवळला की दोन्ही बेअरिंग्ज एकमेकांकडे ओढली जाऊन पहिल्याच आठवड्यात तापतात. हात बसलेला नसेल तर चांगला मिस्त्री गाठा आणि शेजारी उभे राहा. त्याला पैसे द्या, कामाचे पैसे, पॉलिशचे नव्हे.

करायचं कधी? आपल्याकडे उत्तर कॅलेंडरवरच छापलेलं आहे. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पाऊस नुकताच सरलेला असतो, चार महिन्यांचं पाणी हबमध्ये आणि कोन सेटमध्ये बसलेलं असतं. ते आतच ठेवून बाहेरून हार घालायचा, याला पूजा कसं म्हणायचं? त्याआधीचा रविवार काढा. पहिल्या वेळी कोन सेटला सकाळपासून संध्याकाळ होईल, जोडीला एक मित्र लागेल आणि सोसायटीचे सेक्रेटरी येऊन "इथे रिपेरिंग अलाउड नाही" असंही म्हणतील. खाली जुना कार्डबोर्ड आणि त्यावर गोणपाट अंथरलेलं असलं, एक थेंब फरशीवर नसला, की ते थोडं बोलून जातात. वर त्यांच्याच स्कूटरचं हँडल एकदा हलवून दाखवा, पुढच्या रविवारी स्वतःच येतील.

धुतलेलं काळं डिझेल गटारात मात्र ओतायचं नाही. आमच्याकडची गटारं खाडीतच जातात. डबा बंद करून ठेवा, दोन दिवसांत गाळ खाली बसतो, वरचं डिझेल पुढच्या धुण्याला पुन्हा चालतं. उरलेला गाळ गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑइलच्या पिंपात, त्याला विचारून.